कुणी हलू नका

तिने बोल्ट केसभर फिरवला, हात मागे घेतला आणि श्वास रोखून बटण दाबलं. खट. कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा झाला. दोन सेकंदांनी टक असा आवाज आला आणि फोटो उमटला. माशीच्या डोळ्याला दोन कडा होत्या. एक खरी, आणि तिला चिकटून दुसरी, धुरकट.

"गेला हाही," ती स्वतःशीच म्हणाली.

माशी तिळाएवढी होती, टाचणीच्या टोकावर डकवलेली. नुसत्या डोळ्यांना तो काळा ठिपका दिसायचा. भिंगातून पाहिलं की अंगावर हिरवी-तांबूस झळाळी. कीटकसंग्रहालयातल्या बाईंनी काल दुपारी ती डबीतून तिच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या सहाच्या आत परत हवी. फोटो मनासारखा आला तर पुढचे सगळे तुम्हीच काढा, पगारावर." सगळे म्हणजे कपाटंच्या कपाटं, काही वर्षं पुरेल एवढं काम. बाईंनी तिचा कॅमेरा पाहिला नव्हता, हे एक नशीबच.

कॅमेरा तीन हात फिरून तिच्याकडे आला होता. त्याची लेन्स तिने उलटी बसवली होती, कारण उलटी बसवली की ती भिंगासारखी जवळचं मोठं करून दाखवते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये नळाच्या पाइपचा तुकडा, आतून काळा कागद लावलेला. खाली मोडक्या टेबलाच्या खणाची सरकपट्टी आणि ती पुढे ढकलायला एक लांब बोल्ट. माशीवर अर्धा कापलेला पांढरा प्लॅस्टिकचा कप, उजेड मऊ पडावा म्हणून. उजेड सायकलच्या दिव्याचा. तो इतका मिणमिणता की प्रत्येक फोटोला दोन सेकंद लागायचे. हा सगळा संसार फरशीच्या एका तुकड्यावर आणि ती फरशी अर्धवट हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबवर. नवरा म्हणायचा, भंगारवाला आला की या खोलीचं दार लावून घेत जा.

इतक्या जवळून पाहिलं की डोळा स्पष्ट असतो तेव्हा मिशा पुसट होतात आणि मिशा दिसायला लागल्या की डोळा जातो. म्हणून बोल्ट किंचित किंचित फिरवत साठेक फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते एकावर एक रचून त्यांचा एक करायचा. त्यातले चार-दोन जरी हलले तरी सगळी मेहनत पाण्यात. आणि इथे कालपासून जवळजवळ सगळेच हलत होते.

काल तिने वरच्या मजल्यावर जाऊन भांडण केलं होतं. पोरं चेंडू आपटतात, घर हादरतं, थोडी माणुसकी ठेवा. वरची बाई दार धरून शांतपणे म्हणाली होती, "पोरं आजोळी गेलीत, चार दिवस झाले." ती तोंड पाडून खाली आली होती.

"झाला का गं फोटो?" बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा. काहीतरी हलतंय."

"वरची पोरं असतील."

"ती नाहीत इथे."

"मग खालची गिरणी."

"गिरणी आज बंद आहे."

"हं," बाबा म्हणाले.

बाबा गेले तीन महिने बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नंतर एका दुपारी एकटेच उठायला गेले नि पुन्हा पडले. तेव्हापासून नवऱ्याने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, कुणी धरल्याशिवाय उठायचं नाही. डॉक्टर मात्र म्हणत होते, एकट्याने बाथरूमपर्यंत जाऊन परत आले तर दिवसभर घरी एकटे राहू शकतील. ते होईना. तिला नोकरी लागली तर त्यांच्याजवळ कुणीच नसणार. म्हणून परवा, संग्रहालयातून बोलावणं आलं तेव्हाच, नवऱ्याने आणि नणंदेने फोनवर ठरवलं, वृद्धाश्रम. थोड्या दिवसांपुरता. उद्या सकाळी तिथला माणूस बाबांना बघायला यायचा होता.

ते ठरत होतं तेव्हा ती भाजी निवडत होती आणि काही बोलली नव्हती. तिला नोकरी हवी होती, अगदी जीव जाईल इतकी हवी होती, आणि त्याची लाज वाटून घ्यायचं तिने टाळलं होतं. बाबांनीही सगळं ऐकलं होतं. दोन खोल्यांच्या घरात कुणाला ऐकू जाऊ नये असं काही बोलताच येत नाही.

खट. टक. पुन्हा दोन कडा.

बॅटरीची खूण पिवळी झाली होती. बॅटरी जुनी, एकदा भरली की जेमतेम साठ-सत्तर फोटो टिकायची, आणि दुसरी घ्यायला पैसे नव्हते. तिने हात मांडीवर ठेवले आणि नुसतीच स्क्रीनकडे बघत बसली. माशी स्थिर होती. मिशीवरचा केस न केस मोजून घ्यावा इतकी स्थिर. रस्त्यावरून ट्रक गेला. ट्यूबने तो धक्का पिऊन टाकला. माशी हलली नाही. म्हणजे ट्रक नाही, गिरणी नाही.

मग कॅमेराच असेल. बटण दाबल्यावर त्याच्याच आतला धक्का. पण पहाटे सगळे झोपलेले असताना तिने सहज पाच-सहा फोटो काढले होते आणि ते आरशासारखे स्वच्छ आले होते. मग नवऱ्याच्या डब्याची वेळ झाली आणि काम थांबलं. तोच कॅमेरा, तोच बोल्ट.

या वेळी बटण दाबताना तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही. कान दिला.

खट. त्याच्यापाठोपाठ, दाराच्या पडद्यापलीकडे, अगदी हलकं, घस. मग टक.

तिला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा दाबलं. खट, घस, टक. ती उठली, अनवाणी दारापर्यंत गेली आणि पडदा बोटभर बाजूला केला.

बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. वॉकर खाटेपाशीच राहिला होता. बाथरूमचं दार उघडं होतं, आतला दिवा चालू होता. ते तिथे जाऊन आले होते आणि आता परत निघाले होते. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही हात अंगापासून जरा दूर, रिकामे. मान घामाने भिजलेली. ते तिच्याच पडद्याकडे बघत होते, पण ती अंधारात होती आणि ते उजेडात.

पहिल्यांदा तिला राग आला. चांगलाच आला. कालपासून ती स्क्रूवर स्क्रू आवळत होती, वरच्या बाईसमोर तोंडघशी पडली होती, आणि हे इथे फिरत होते. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

मग मिटलं. हाक मारली असती तर ते दचकले असते. धावत जाऊन धरलं असतं तर ते एकट्याने चालणं राहिलं नसतं.

बाबा हलत नव्हते. गुडघे थरथरत होते, तरी पाय उचलत नव्हते. ती वाट बघत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की तेही वाटच बघताहेत. तिच्या आवाजाची. कॅमेरा वाजतो आहे तोवर सून आत टेबलाशी बसलेली, बाहेर येणार नाही. आणि पाय घासल्याचा आवाज त्या आवाजाखाली दबतो. म्हणून एका खटला एक पाऊल. नेमकं जेव्हा सगळ्या घराने श्वास धरायचा, तेव्हाच ते पाऊल टाकत होते. कालपासून. आणि आता आवाज थांबला होता, म्हणून ते भर खोलीत, कशालाही न धरता, उभे होते.

बाबा बसचे कंडक्टर होते. चालत्या गाडीत कशाला न धरता उभं राहून तिकीट फाडता आलं पाहिजे, असं ते नव्या पोरांना सांगायचे म्हणे. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. घरातसुद्धा तेच. पानं वाढून झाली की ताटावर चमचा दोनदा वाजवायचे, आणि पोट भरलं की एकदा. परवापासून ताट वाजलं नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं होतं, पण त्याचं काय करायचं हे तिला सुचलं नव्हतं.

ती टेबलाशी परत आली. बॅटरीची खूण आता लाल होऊन लुकलुकत होती. आणखी दहा-बारा फोटो, फार तर. तिने मनाशी ठरवलं होतं की अगदी काहीच जमलं नाही तर शेवटचे दहा फक्त डोळ्याचे घ्यायचे. निदान बाईंना दाखवायला काहीतरी.

तिने बोल्टला हात लावला नाही. बटण दाबलं.

खट. घस. टक.

फोटो उमटला, दोन कडांचा. ती आता त्या दुसऱ्या कडेकडेच बघत होती. ते बाबांचं पाऊल होतं. रस्त्यावरचा धक्का ट्यूब पिऊन टाकायची, घरातल्या फरशीवरचा नाही. तिने दहा सेकंद जाऊ दिले, त्यांना दम घ्यायला, आणि पुन्हा दाबलं. घस. पुन्हा. घस. खाटेपर्यंत किती पावलं, तिला अंदाज नव्हता. ती फोटो बघून चालणं ओळखत होती: हा धक्का जरा मोठा, म्हणजे दुखऱ्या पायाचा. हा लहान, म्हणजे चांगला पाय नुसता ओढून घेतला.

खट. टक.

फोटो स्वच्छ आला. डोळ्याची एकच कड, त्यातला कण न कण वेगळा. काल दुपारपासून तिला असाच फोटो हवा होता, आणि आता तो आला म्हणजे बाबांनी पाऊल टाकलं नव्हतं.

बाहेर काहीच आवाज नव्हता. पडण्याचा नव्हता, श्वासाचाही नव्हता. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. उठू नको, ती स्वतःला म्हणाली. उठू नको. आणि पुन्हा दाबलं.

खट. घस. टक.

फोटो हलला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणखी दोन पावलं, आणि तिसऱ्या वेळी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. स्क्रीन काळा. तिने बॅटरी काढून तळहातांत घासली, परत घातली. लाल खूण एकदा लुकलुकली आणि गेली.

बाहेर शांतता होती. बाबा पुन्हा थांबले होते. आता त्यांच्यात किती उभं राहायची ताकद उरली असेल, कुणास ठाऊक. तिने टेबलावर नजर फिरवली. टाचण्या, कप, डबी. काळ्या कागदांखाली बाबांचा जुना चिमटा होता, तिकिटांना भोक पाडायचा. उजेडासाठी कागदाला बारीक भोकं पाडायला तिने तो त्यांच्या पेटीतून मागून घेतला होता.

तिने तो उचलला, कॅमेऱ्याजवळ नेला आणि दाबला.

टक.

काहीच नाही. तिने थांबून पुन्हा दाबला. टक.

घस.

टक. घस. टक. घस. मग खाट जोरात कुरकुरली, आणि तिने कपाळ टेबलावर टेकवलं.

बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला.

"अगं, तो माझा चिमटा ना?"

ती पडदा सारून बाहेर आली. बाबा खाटेच्या कडेला बसले होते. शर्ट पाठीला चिकटला होता.

"बॅटरी संपली," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही खाटेजवळ पोचत होतात तेव्हा."

बाबांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. मग आतल्या टेबलाकडे, ट्यूबवर बसवलेल्या त्या सगळ्या पसाऱ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरलं.

"म्हणजे मीच हलवत होतो."

"हो."

"मला वाटलं, त्या आवाजात... तुला कळणार नाही." त्यांनी बाहीने मान पुसली. "किती वाजता द्यायची ती माशी?"

"सहाला."

"मग लाव चार्जिंगला, लाव. अजून वेळ आहे." त्यांनी दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलून खाटेवर घेतला, मग दुसरा. "मी आता उठत नाही. पापणीसुद्धा हलवणार नाही बघ. तुझं होऊ दे. उद्या तो माणूस येईल, तेव्हाचं तेव्हा."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि डोळे मिटून घेतले. शाळेतल्या शहाण्या मुलासारखे पडून राहिले.

तिने खाटेमागच्या प्लगला बॅटरी लावली. लाल दिवा लागला.

"तासभर तरी लागेल भरायला," ती म्हणाली.

तिने स्टूल उचललं, बाथरूमच्या दारापाशी नेऊन ठेवलं आणि त्यावर बसली. खाट आणि ती, मध्ये रिकामी फरशी. वॉकर तिने आधीच भिंतीकडे सरकवला होता. चिमटा अजून तिच्या हातातच होता.

तिने तो वाजवला. टक-टक.

बाबांनी पांघरूण बाजूला केलं.