मामंजींचं नाव

आयझादाला सगळं पाठ होतं आणि हेच तुर्सिनायच्या पोटात दुखत होतं.

ही धाकटी जाऊ कणीक मळता मळता राज्यघटनेतली कलमं म्हणायची, तंदूरला नान थापता थापता जुने खान ओळीनं मोजायची, आणि वर लाडात येऊन विचारायची, "जाऊबाई, माझं काही चुकलं का हो?" चुकलेलं काही असेल तर ना! तुर्सिनाय बिचारी पुस्तक उशाशी घेऊन झोपायची, उजाडायच्या आत उठून घोकायची, आणि सगळ्यांच्या पुढ्यात चहाची वाटी जाईपर्यंत निम्म्याहून अधिक विसरायची.

नुकुसजवळचं गाव सोडून हे कराकलपाक कुटुंब कझाख देशातल्या अक्ताऊ बंदराला आलं, त्याला बरीच वर्षं झाली. दोघे भाऊ, म्हणजे या जावांचे नवरे, बंदरावर कामाला लागले, त्यांना कझाख नागरिकत्वही मिळालं. उरल्या या दोन सुना. भाषेचं काही अडत नव्हतं; कझाख काय नि कराकलपाक काय, एकमेकींच्या बहिणीच. पण या देशाचा इतिहास शिकायचा होता, कायदे शिकायचे होते आणि तोंडी परीक्षा द्यायची होती.

त्यात ती बालवाडीतली नोकरी. जवळच्या बालवाडीला स्वयंपाकीण हवी होती. पगार, सुट्ट्या, म्हातारपणी पेन्शन, सगळं रीतसर. या जागेची बातमी काढली ती तुर्सिनायनं. बेकरीत कागदपत्रांवाचून राबताना मालक उद्या हाकलेल की परवा, या धास्तीतच तिची उमर चालली होती. तिनं हौसेनं घरी सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी धाकटी जाऊन बालवाडीच्या बाईंना भेटून आली! बाई म्हणाल्या, "दोघींपैकी जी आधी परीक्षा पास होईल, तिला घेते." झालं. त्या दिवसापासून तुर्सिनायच्या घशाखाली घास सुखानं उतरेना.

संध्याकाळी सासूबाई दोघींना समोर बसवून प्रश्न विचारायच्या. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तक हातात धरायला आवडायचं.

"कझाख खानांचं राज्य कुणी स्थापन केलं?"

"केरेय खान आणि आपले मामंजी," आयझादा पटकन म्हणाली.

सासरेबुवा खो खो हसले. "घ्या! मी बसलोय इथं तंबाखू चोळत आणि सुनेनं मला खान करून टाकलं."

म्हाताऱ्यांचं नाव जानिबेक. त्या जुन्या खानाचंही जानिबेकच. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, मेली तरी नाही. कोपऱ्यावरचा दुकानदारही जानिबेकच, म्हणून दोघी जावा त्याला साखरवाला म्हणायच्या.

"बघ, याला म्हणतात वळण," सासूबाई तुर्सिनायकडे बघत म्हणाल्या. "नाहीतर तू! लग्न होऊन वर्ष नव्हतं झालं, तेव्हा पाहुण्यांसमोर यांचं नाव घेऊन बसली होतीस. माझी मान खाली गेली."

किती वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सासूबाईंना ती अजून ताजी! तुर्सिनायच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यामागून एक विचार आला. ही भवानी परीक्षेतही असंच म्हणणार. 'आपले मामंजी!' आणि साहेब देतील घरी पाठवून. तिला बाजूला घेऊन सांगावं, बाई गं, तिथं नाव घ्यावं लागेल, मनाची तयारी ठेव. सांगायला काय लागत होतं? पण तुर्सिनाय गप्प बसली. तिला मनातून गुदगुल्या होत होत्या.

ती स्वतः मात्र तयारीला लागली. बेकरीत भट्टीच्या आवाजात ती हळूच म्हणायची, "जानिबेक, जानिबेक." कानशिलं तापायची, पण जीभ वळायला लागली होती.

परीक्षेच्या दिवशी सासरेबुवा हट्टानं बरोबर आले. "माझ्या सुना या देशाच्या होणार आणि मी घरी बसू?" डोक्यावर नवी टोपी घालून ते खोलीबाहेरच्या बाकावर बसले, अगदी दाराला खेटून. दार सताड उघडं होतं. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आधी आयझादाला बोलावलं. ध्वज, राजधानी, घटना, सगळं फडाफड. मग साहेबांनी विचारलं, "कझाख खानांचं राज्य कुणी स्थापन केलं?"

"केरेय खान आणि..." आयझादा थांबली.

बाहेर तुर्सिनाय बाकावर पुढं सरकली. अडकली! अडकली गं बाई! तिच्या अंगावर आनंदानं काटा आला.

"आणि?" साहेब म्हणाले.

"साहेब, एक मिनिट, दार लावू का?"

खुर्ची सरकली. आयझादा दाराशी आली, सासऱ्यांसमोर मान लववली आणि दार ओढून घेतलं. आत ती काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं बाहेर आली ती हसतच. "झाले पास! जाऊबाई, दार लावून घ्या बरं का, साहेब काही म्हणत नाहीत."

तुर्सिनायच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढंसं दार! इतके दिवस भट्टीसमोर जीव जाळून जे जमवलं, ते हिनं दार ओढून जमवलं. आणि आता मला शिकवते? हिचं उष्टं मी खाऊ? माझी तयारी आहे, मला दारबीर लागत नाही.

तिनं दार उघडंच ठेवलं.

पहिले प्रश्न बरे गेले. मग तोच प्रश्न आला. "केरेय खान," ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "आणि..."

बाहेर म्हातारा खाकरला.

बस्स. जीभ टाळूला चिकटली. भट्टीसमोर शंभरदा घेतलेलं नाव घशात येऊन बसलं, बाहेर येईना की खाली जाईना. तिला फक्त पाठीमागे टोपी घालून बसलेले मामंजी दिसत होते. दार तिच्या हाताच्या अंतरावर होतं. उठून लावायचं, एवढंच. ती उठली नाही.

"बाई, हे शाळेतली पोरंही सांगतात," साहेब म्हणाले. पुढचे प्रश्न आले, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठं? राजधानीचं नावसुद्धा चुकलं.

"काही महिन्यांनी परत या," साहेब म्हणाले.

घरी गेल्यावर सासऱ्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि सासूबाईंनी थोरलीला कुशीतच घेतलं. "माझी गुणाची गं! परीक्षा गेली तर गेली, पण सासऱ्याचा मान राखलास." मग धाकटीकडे वळून, "आणि तू? दार लावलं म्हणून काय झालं, नाव घेतलंसच ना!"

रात्री गुर्तिक केलं होतं, मटणाच्या रश्श्यात शिजवलेल्या कणकेच्या चकत्यांचं. मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तुर्सिनायच्या पुढ्यात ठेवला. इतकी वर्षं या कौतुकासाठी ती तरसली होती. आता मिळालं, तर घास तोंडात फिरत राहिला. सोमवारपासून धाकटी बालवाडीत जाणार, आणि ही पुन्हा भट्टीसमोर.

भांडी घासताना दोघीच होत्या. आयझादानं तिच्या हातातली कढई घेतली.

"जाऊबाई, खरं सांगा. तुम्हाला येत होतं ना ते? तुमचा डबा घेऊन बेकरीत यायचे तेव्हा पुटपुटत असायचात, मी ऐकलंय."

"येत होतं."

"मग दार का नाही लावलंत? मी सांगितलं होतं ना?"

तुर्सिनायनं नळ बंद केला.

"तू लावलंस ना," ती म्हणाली, "म्हणून."