कडीची खूण

बाबांची आठवण आली की आधी कानात रुपया वाजतो. काळ्या फरशीवर पडलेल्या चांदीचा तो लांबत जाणारा, पातळ होत होत विरणारा नाद. आणि तो पुरता विरेपर्यंत डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसलेले बाबा. निजामाच्या राज्यातल्या बोथच्या पेठेत, घराच्या पुढच्याच खोलीत आमची सराफीची पेढी होती. फाल्गुनात डोंगरावरचा साग पानं टाकू लागला, की त्या मोठाल्या वाळक्या पानांची सळसळ वाऱ्याबरोबर पेठेत शिरे आणि बाबा चिडून दार लोटून घेत. नाद ऐकताना त्यांना वाऱ्याचंही मध्ये बोलणं खपत नसे.

चांदीचा कस कानानं कळे, पण नाण्याचं आयुष्य ते बोटांनी वाचत. निजामाच्या हाली रुपयावर चारमिनार असे. मिनारांची टोकं झिजलेली, म्हणजे रुपया हातोहात फिरलेला. हिरवट काळा, म्हणजे मातीत पुरलेला. एक बाजू ठसठशीत आणि दुसरी गुळगुळीत, म्हणजे तो कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेतला. वर्षानुवर्षांच्या घामानं त्याची पाठ मऊ झालेली. असा रुपया त्यांच्या तळहातावर जरा जास्त वेळ रेंगाळे. चिंचेनं घासून लख्ख केलेलं नाणं कुणी आणलं, की मात्र त्यांचा पारा चढे. "काऊन घासलं? त्याचं तोंडच पुसून टाकलं तुमी!" आणि नाण्याला कानस लावणाऱ्याला तर ते पेढीची पायरी चढू देत नसत. मळ, ओरखडा, डाग हे नाण्याचं बोलणं आहे आणि ते खोडायचा हक्क कुणालाच नाही, असं ते मानत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, गिरजाअक्काच्या लग्नासाठी त्यांनी रुपये वाजवून वाजवून निवडले आणि माळ केली. प्रत्येक रुपयाला वितळलेल्या चांदीचा डाख देऊन कडी जोडली, आणि मिनाराच्या पायाशी सुईच्या टोकाएवढा ठिपका उमटवला. ती माळ घालून अक्का पैनगंगेकाठच्या सासरी गेली. अक्का मोठी धांदरट. माहेरी आली की पळतच यायची. ती ओट्यावर चढण्याआधी माळेचा आवाज घरात शिरायचा, आणि बाबा हातातलं नाणं खाली ठेवायचे.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. नदीकाठच्या गावांतल्या लुटालुटीचं, जाळपोळीचं काहीबाही कानावर येई, पेठेतली माणसं हळू आवाजात बोलू लागली होती. बाबांचा बातम्यांवर विश्वास नव्हता, पण पेढीवर येणारी नाणी बदलली होती. माळेतले सुटे रुपये येऊ लागले, कडीचा तुकडा अजून चिकटलेला. सुरुवातीला त्या कड्या कातरीनं नीट कापलेल्या असत. "ही बाई सोताच्या हातानं इकून नदीपल्याड गेली," बाबा मला सांगत. नदीपल्याड वऱ्हाड, दुसऱ्या राज्याची हद्द. पल्याड म्हणजे जीव वाचला. मग ऊन तापत गेलं तसतसे दुसऱ्या तऱ्हेचे रुपये आले. कडी ओढून तुटलेली, डाख फाटून वर आलेला, बोटाला टोचणारा. त्या बायांविषयी बाबा काहीच सांगत नसत. रुपया बाजूला ठेवून ते हात धुऊन येत. त्या दिवसांत मला नाद ऐकायचीच भीती वाटू लागली.

अक्काच्या गावाकडून निरोप येणं थांबलं होतं. एका दुपारी एक अनोळखी कापूसदलाल पेढीवर आला आणि "सेठ, जरा ये परखो," म्हणत त्यानं एक रुपया फरशीवर टाकला. नाद उमटला. बाबांचे डोळे मिटलेच नाहीत. त्यांनी रुपया उचलला, मिनाराच्या पायाशी अंगठा नेला, आणि अंगठा तिथंच थांबला.

"कहाँ से मिला?"

"बाज़ार में आया, सेठ. कौन जाने किसका है."

रुपयाचं मोल घेऊन तो गेला तेव्हा आई आतल्या दारात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही.

"आपल्या गिरजीचा हाय ना? कडी कापेल हाय का ओढून तोडेल?"

बाबांनी मूठ मिटली. "कापेल हाय वं. कातरीनं, नीट. पल्याड गेली आपली पोरगी."

आईनं जागच्या जागी हात जोडले, आणि पुढची सगळी वर्षं ती त्या एका उत्तरावर जगली. राज्य गेलं, हाली रुपया गेला, नदीपल्याडून कितीतरी माणसं परतली. अक्का आली नाही. आई म्हणायची, तिकडंच सुखात असन. बाबा तेवढ्यात उठून बाहेर जायचे.

आई गेली, मागोमाग बाबा गेले, आणि त्यांच्या पेटीतून तो रुपया माझ्या हाती आला. पायाशी ठिपका आहे. पाठ मऊ आहे. पण जिथं कडी होती, ती कड कानशीनं घासून सपाट केलेली आहे. कडी नीट कापलेली असती, तर बाबांना कानस उचलायचं काही कारण नव्हतं. जन्मभर पाळलेला नेम त्यांनी एकदाच मोडला होता, तो आईनं कधी मूठ उघडायला लावली तर म्हणून.

कधीमधी मी तो रुपया फरशीवर टाकते. नाद अजून तसाच आहे, ओट्यावर चढण्याआधी घरात शिरणारा. तो विरेपर्यंत मी डोळे मिटून ऐकत राहते. इतकी वर्षं झाली, तरी तो विरल्यावर मी पावलांची वाट बघते.