पानावरचे काका

पक्षाघाताच्या झटक्यात ज्यांचे शब्द हरवतात, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे बाईंचं काम. इस्पितळात त्यांची खोली जिन्याखाली, आणि बाकड्यावर कायम गर्दी. एकेका पेशंटच्या वाट्याला आठवड्यातला जेमतेम अर्धा तास यायचा, बाकीचं सगळं घरच्यांच्या भरवशावर. म्हणून बाईंनी एक वेबसाइट काढली. घरी सराव कसा घ्यायचा, ते सोप्या भाषेत लिहिलं. पण नुसतं वाचून कोणाची जीभ वळली आहे? दाखवायला हवं होतं.

स्वतः व्हिडिओ काढायला बाईंना ना सवड ना हौस. तेव्हा धाकट्या भावानं तोडगा सुचवला.

"ताई, लोकांनी नेटवर ढिगानं व्हिडिओ टाकलेत. त्यातले हवे ते तुझ्या पानावर लाव. उचलायचं काहीच नाही. व्हिडिओ त्यांच्याच खात्यात राहतो, दिसतो मात्र तुझ्याकडे. त्यांनी तिकडे बंद केला की तुझ्याकडेही बंद."

"म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या."

"मग ओढ ना! तुला पीठ दळायला कोणी सांगितलंय?"

बाई हसल्या आणि शोधायला लागल्या. कुठे कोणी आजी चित्रं ओळखत होत्या, कुठे कोणी तरुण गाण्याच्या चालीवर वाक्यं म्हणत होता. एकेक लावत पान भरलं. आणि एक व्हिडिओ असा सापडला की बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

एक काका पलंगावर बसलेले. दाढी वाढलेली, अंगात विटकी बनियन. मोबाइल धरून एक बाई विचारत होती, "काय हवंय? सांगा ना!" काका ओठ जुळवायचे, "प… पा…" की ही लगेच म्हणायची, "पाणी! पाणी ना?" पुन्हा, "च… च…" की "चहा! चष्मा? चादर?" काकांचं तोंड उघडंच राहायचं. शेवटी एकदाचं ते "पाणी" म्हणाले आणि ही आनंदानं ओरडली.

नातेवाइकांना बाई जे घसा फोडून सांगत होत्या, ते इथे आयतं दिसत होतं. त्यांनी तो व्हिडिओ लावला आणि वर मथळा दिला : 'घरच्यांनी काय करू नये.' खाली लिहिलं : 'पेशंट प्रयत्न करतो आहे आणि ही त्याच्या तोंडचा शब्द पळवते आहे. असं कधीही करू नका.'

त्याचा उपयोगही झाला. एका पेशंटची मुलगी म्हणाली, "मॅडम, बघताना मला माझीच लाज वाटली. मी अगदी हेच करत होते." बाईंना धन्य वाटलं. पानावरचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा व्हिडिओ तोच झाला.

मग एका सकाळी नव्या पेशंटच्या बायकोला तो दाखवायला बाईंनी पान उघडलं, तर काकांच्या जागी काळा चौकोन. वर लिहिलेलं : हा व्हिडिओ खासगी आहे.

दुपारी फोन आला.

"बोलायला शिकवता त्या तुम्हीच का?" आवाज वयस्कर आणि जपून बोलणारा. "मी 'काय करू नये' बोलतेय."

बाईंना क्षणभर उमगेना. मग आपला मथळा आठवला.

"काकू, मी—"

"आमच्या नणंदबाई लांब राहतात. त्यांना दिसावं म्हणून टाकला होता. तो कसा बंद ठेवायचा ते मला कुठे ठाऊक? आजारपणानंतरचा ह्यांचा पहिला शब्द होता तो. मग एकाएकी परकी माणसं खाली लिहायला लागली. 'ही बाई त्याला बोलूच देत नाही.' 'बिचारा नवरा.' मी म्हटलं, ही मंडळी येतायत तरी कुठून? शेजारच्या मुलीनं शोधून तुमचं पान दाखवलं."

फोन कानाशी धरूनच बाईंनी पान उघडून तो मथळा पुन्हा वाचला.

"तुम्ही लिहिलंय ते खरंच असेल हो," काकू म्हणाल्या. "पण एकदा विचारलं असतं तर?" आणि फोन ठेवला.

भावानं ऐकून खांदे उडवले. "त्यांनीच तो जगासाठी उघडा ठेवला होता. तू काय चोरलंस?"

"व्हिडिओ त्यांचा होता, खरं आहे. मथळा माझा होता," बाई म्हणाल्या.

पत्ता मागायला बाईंनी काकूंना फोन केला. काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. बहुधा त्यांनाही समोरासमोर बोलायचं होतं. सुट्टीच्या दिवशी बाई बसनं तिकडे गेल्या. खाली बंद पडलेला फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या. काका फोटोग्राफर होते हे बाईंना तेव्हा कळलं. जिन्याच्या भिंतीवर त्यांनी काढलेले फोटो ओळीनं लावलेले : नवरानवरी, पदवीचे झगे, तान्ही बाळं. सगळे ताठ, नीटनेटके, उजेड नेमका गालावर.

काका खिडकीशी बसले होते. बाईंनी वाकून नमस्कार केला आणि काकूंना म्हणाल्या, "मी चुकले. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मला कशाला?" काकू म्हणाल्या. "तोंड कोणाचं दिसत होतं?"

बाई वळल्या. खरंच की! भावाशी वाद घातला, काकूंची माफी मागितली, पण समोरच्या माणसाला कोणी धरलंच नव्हतं हिशेबात. खुर्ची ओढून त्या काकांसमोर बसल्या. "काका, तुमचा व्हिडिओ मी सगळ्यांना दाखवला. तुम्हाला न विचारता. तुम्हाला वाईट वाटलं?"

काकांनी मान हलवली. हो. मग ओठ जुळवले. "श…" कपाळावर शीर उभी राहिली. "श… श…"

"शरम वाटली?" बाई कळवळून म्हणाल्या.

पलीकडून काकू फस्सकन हसल्या. "बाई! काय करू नये?"

बाईंनी जीभ चावली. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि समोरच्याची तडफड बघवेना म्हणून त्यांनीही शब्द पळवलाच होता. काकूंनी त्या दिवशी का पळवला असेल, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं.

आता दोघी गप्प बसल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. काका खिडकीबाहेर बघत राहिले, मग परत आत.

"शर्ट," काका म्हणाले. आणि छातीवर हात थोपटत, "शर्ट… नाही."

काकूंचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई! बनियनवर होता ना तुम्ही! आणि दाढीसुद्धा…" त्या बाईंकडे वळल्या. "जन्मभर या माणसानं कोणाचा गबाळा फोटो काढला नाही. गिऱ्हाइकाची कॉलर स्वतः सारखी करायचे. आणि मी ह्यांना जगासमोर तसंच बसवलं."

"तुम्ही नाही काकू, मी," बाई म्हणाल्या.

"दोघींनी मिळून," काकू म्हणाल्या, आणि तो तंटा तिथेच मिटला.

चहा झाला. काकांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी स्टुडिओच्या दिशेनं बोट केलं आणि बराच वेळ घेऊन म्हणाले, "न… नवा."

नवा व्हिडिओ लगेच झाला नाही. काकांना दाढी करायची होती, इस्त्री हवी होती, आणि मुख्य म्हणजे खिडकीतला उजेड पसंत पडायला हवा होता. त्यासाठी काकूंना तीन वेळा पलंग सरकवावा लागला. बाई मधूनमधून जाऊन सराव घेत होत्या. अखेर काकूंनी तो धाडला. त्यात काका कोऱ्या शर्टात बसून कॅमेऱ्याचे भाग सांगतात, एकेका शब्दाला हवा तितका वेळ घेतात, आणि काकूंचा आवाज अजिबात नाही. सोबत निरोप होता : 'लावा म्हणतायत. मथळा तेच सांगतील, मी टाइप करीन.' दुसऱ्या दिवशी मथळा आला : 'थांबा. येतोय.'

तोवर बाईंनी पानावरचे बाकीचे सगळे व्हिडिओ उतरवले होते. ज्याचा त्याला शोधून विचारायला सुरुवात केली होती : मी कोण, कुठे लावणार, वर काय लिहिणार. भाऊ म्हणाला, "अर्धं पान रिकामं दिसतंय, ताई." काहींचं उत्तर आलंच नाही. एका गृहस्थांनी स्पष्ट नकार दिला. गाण्याच्या चालीवर बोलणाऱ्या तरुणाचं मात्र त्याच संध्याकाळी उत्तर आलं : जरूर लावा, पण तो जुना आहे, आता मी पुष्कळ बरा बोलतो, सोबत नवा पाठवलाय, तो लावाल का?

दुसऱ्या दिवशी इस्पितळात बाईंनी तो उघडला आणि दारापाशी थांबलेल्या पेशंटला आत बोलावलं.