बाहीवरच्या टाचण्या

मास्तर एकदाच सांगत. शिवणकामाच्या त्या प्रशिक्षण केंद्रात त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगितल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कॉलर कशी बसवायची ते एकदा दाखवलं की दाखवलं. ज्याला कळलं त्याने शिवावं, ज्याला नाही कळलं त्याने शेजाऱ्याचं बघावं, आणि शेजारीही आपल्यासारखाच निघाला तर दोघांनी मिळून उसवत बसावं. मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. त्यांना कोण काय बोलणार?

परीक्षेचा नियमही त्यांनीच घातलेला. बाहेरून आलेला परीक्षक सदऱ्याच्या अकरा सूचना मोठ्याने वाचायचा. खिसा कुठल्या बाजूला, पाठीला चुण्या किती, कॉलर कसली, कफला बटणं किती, असं सगळं. वाचायचा एकदाच, आणि मग चार तासांत सदरा उभा करायचा. लिहून घ्यायचं नाही, टेबलावर अवजारांखेरीज काही ठेवायचं नाही. गिऱ्हाईक काय दोनदा सांगतं का, असं मास्तर विचारत. ज्या उस्तादांच्या दुकानात ते पोरवयापासून घासून निघाले होते, तिथे असंच चालायचं. तिथे कागद म्हणून नावाला नसायचा.

केंद्राच्या फाटकावरचा रखवालदार त्यांचाच जुना विद्यार्थी. बावीस वर्षांपूर्वी तो तीनदा नापास झाला आणि मग फाटकावरच नोकरीला लागला. रोज सकाळी तो मास्तरांना उठून नमस्कार करी. मास्तर नव्या मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, हात सोन्यासारखे होते याचे, पण ऐकताना लक्ष नाही, म्हणून बसलाय बघा उन्हात. रखवालदार ते ऐकून हसायचा. तो का हसायचा, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही.

तर त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. हजेरीत तिचं चांगलं घसघशीत नाव होतं, पण सगळे तिला ‘पुन्हा’ म्हणत, कारण मास्तरांनी काहीही सांगितलं की तिचा हात वर जायचा आणि तोंडातून तेवढाच शब्द बाहेर पडायचा. टाका म्हणाल तर असा, की मास्तरांनी भिंग लावलं तरी वाकडा दिसू नये. पण पहिल्या परीक्षेत तिने दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या शिवल्या. दुसऱ्या परीक्षेत पाठीच्या चुण्याच विसरली आणि सदरा पोत्यासारखा झाला. आता तिसरी खेप, आणि चौथी मिळत नसे. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. साबणाने तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, बादली धरवेना. तिथेच गणवेश शिवायच्या खोलीत एक जागा निघाली होती. आईने हातापाया पडून ती पुढच्या महिनाअखेरपर्यंत लेकीसाठी धरून ठेवली होती. मात्र प्रमाणपत्राशिवाय ती मिळणार नव्हती.

अशात केंद्रात नव्या बाई आल्या. माणसं शिकतात कशी आणि अडतात कुठे, हे त्या शिकून आल्या होत्या. मास्तरांनी हे ऐकलं आणि विचारलं, बाईंना काज करता येतं का? येत नव्हतं. झालं, मास्तरांच्या लेखी विषय तिथेच संपला.

बाई मात्र इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसल्या त्या दोन आठवडे बसूनच राहिल्या. मांडीवर वही, नजर कधी कुणाच्या हातावर, कधी मास्तरांवर. मास्तरांची खात्री पटली की ही बया आपल्या चुका टिपून वर पाठवतेय. त्यांनी घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंही. बायको म्हणाली, टिपू द्या की, तुम्ही कुठे चुकता? हे कौतुक होतं की टोमणा, ते त्यांना जेवण होईपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बाई स्टुलावरून उठल्या. वर्गात पन्नाशीचे एक काका होते, गिरणी बंद पडल्यावर शिकायला आलेले. मास्तर त्यांना दगड म्हणत. बाईंनी काही न बोलता त्यांचं मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, म्हणजे मास्तरांचा आवाज त्यांच्या उजव्या कानावर पडेल. गिरणीत पंचवीस वर्षं डाव्या बाजूला यंत्र धडधडत होतं, तो कान केव्हाच गेला होता. दोन दिवसांत काकांचे कफ सुतासारखे सरळ यायला लागले. आकडे बघून गोंधळणाऱ्या एका वहिनींच्या टेपला बाईंनी ठरावीक मापांवर रंगीत दोरे बांधून दिले, आणि वहिनींनी त्या दिवसापासून कापड वाया घालवलं नाही. मास्तर हे सगळं कपाळाला आठ्या घालून बघत होते. आतून मात्र ते जरा चाटच पडले होते. काकांच्या शेजारून ते रोज दहादा जात होते, आणि कान त्यांना दिसला नव्हता.

मग बाई ‘पुन्हा’पाशी बसल्या. तिला एक गोष्ट सांगितली, तिने केली. दोन सांगितल्या, तिने केल्या. तीन सांगितल्या तर पहिली गेली. असं चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कामांत. मग त्यांनी मास्तरांना सांगितलं, की पोरीच्या बुद्धीत काही खोट नाही आणि लक्षातही नाही. कानावर पडलेलं मनात धरून ठेवायला सगळ्यांकडेच जागा थोडी असते, हिच्याकडे त्याहून थोडी आहे, इतकंच. हाताने केलेलं ती विसरत नाही. बाईंनी तिच्यासाठी दोरीवर अकरा छोटे कापडाचे तुकडे ओवले, प्रत्येक तुकड्यावर सदऱ्याची एकेक पायरी शिवलेली. ती दोरी समोर टांगून ‘पुन्हा’ने साडेतीन तासांत सदरा शिवला. मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला, बगलेत बोट घालून शिवण ताणून पाहिली. चूक सापडेना, म्हणून त्यांना जास्तच राग आला.

“परीक्षेत ही दोरी चालायची नाही,” ते म्हणाले. “अवजारांखेरीज टेबलावर काही नको. नियम म्हणजे नियम.”

बाईंनी वही उघडली.

“मास्तर, एक विचारू का? केंद्रात शिवायला येणारं बाहेरचं गिऱ्हाईक ऑर्डर सांगत असतं, तेव्हा तुम्ही डाव्या बाहीवर टाचण्या का खोचता?”

“शिंप्याची सवय. सगळेच खोचतात.”

“सगळे मूठभर खोचतात. तुम्ही एकेक खोचता, गिऱ्हाईक एकेक गोष्ट सांगेल तशी. कॉलरची आडवी, खिशाची डोकं खाली करून, कफला जितकी बटणं तितक्या जोडून. काम झालं की तेवढीच काढता. गेल्या मंगळवारी तुमची एक टाचणी पडली, आणि तुम्ही खिसा विसरलात. टाचणी सापडल्यावर आठवला.”

मास्तरांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. तिथे चार टाचण्या होत्या. मग ते काहीतरी काम काढून बाहेर गेले.

त्या संध्याकाळी त्यांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं दुकान आठवलं. चौदा वर्षांचा पोरगा, उस्ताद भराभर बोलताहेत, पोराच्या डोक्यात काही राहत नाहीये, आणि कान पिळला जातोय. मार चुकवायला त्याने टाचण्यांची ही युक्ती काढली होती, चोरून, कुणाला न सांगता. आणि आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आली. दुकानात कागद नव्हता, कारण उस्तादांना लिहिता येत नव्हतं. बिचाऱ्यांची ती अडचण होती, आणि मास्तरांनी तिचा काळ्या दगडावरचा नियम करून ठेवला होता. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला बाजारात पाठवलं की रुमालाला गाठी मारता, मला काय हे नवीन आहे? मास्तर हसले. हसता हसता त्यांना मनापासून वाटून गेलं, की काज न येणाऱ्या त्या बाईने आपल्याला तीन-चार आठवड्यांत ओळखलं. एकतीस वर्षांत आपण एका विद्यार्थ्याकडे तरी असं बघितलं का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘पुन्हा’ला बोलावलं आणि तिच्या हातात टाचण्यांची डबी ठेवली. टाचणी म्हणजे अवजारच, त्यामुळे नियमाला धक्का नाही. आठ दिवस ते बोलत आणि ती खोचत राहिली. बाई बाजूला बसून सांगत, मास्तर, जरा थांबा, तिला खोचू द्या. आणि मास्तर थांबत. वर्गाचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

परीक्षेला चौदा जण बसले. परीक्षकाने अकरा सूचना वाचल्या, जरा घाईनेच. ‘पुन्हा’ने भराभर बाही भरली. तिच्या हाताखाली सदरा आकार घेऊ लागला, आणि खुर्चीवर पुढे सरकून बसलेले मास्तर जरा मागे टेकले. तिसऱ्या तासाला ती थांबली. बाहीवर दोनच टाचण्या उरल्या होत्या, एक तिरकी आणि एक कापडातून अर्धी सुटून लोंबत असलेली. ती कशी खोचली होती, तेच तिला कळेना. तिने बाईंकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग हळूहळू हात वर केला.

“पुन्हा,” ती म्हणाली.

परीक्षकाने नकारार्थी मान हलवली. नियम सगळ्यांना ठाऊक होता. भिंतीवर तो मास्तरांच्या सहीनिशी टांगलेला होता. मास्तर उठले.

“तो नियम माझा आहे,” ते परीक्षकाला म्हणाले. “आजपासून नाही. वाचा पुन्हा. सगळ्यांसाठी वाचा, सावकाश.”

परीक्षकाने वाचलं. ‘पुन्हा’ने मान डोलावली आणि उरलेल्या दोन गोष्टी करायला घेतल्या. पण मास्तरांचं लक्ष आता तिच्याकडे नव्हतं. खोलीभर बारीक करकर आवाज सुरू झाला होता, दोरे तुटल्याचा. चौदांतले नऊ जण उसवत होते. गिरणीवाले काका, वहिनी, आणि वर्गात पहिली येणारी, जिला मास्तर डोळे मिटून पास धरत, तीसुद्धा. तिने खिसा भलत्याच बाजूला लावला होता. इतका वेळ हे सगळे चुकीचं शिवत होते, आणि खोलीत विचारायची हिंमत फक्त एकीची झाली होती.

मास्तर हाताशी आलेल्या स्टुलावर बसले. ते बाईंचं स्टूल आहे हे त्यांना बसल्यावर कळलं, पण उठवेना. एकतीस वर्षांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून जात होते, आणि त्यांना मोजायची भीती वाटत होती.

त्या दिवशी चौदाही पास झाले. ‘पुन्हा’ प्रमाणपत्र घेऊन धावतच सुटली, आईला गाठायला. मास्तरांनी बाईंपुढे हात जोडले. बाई म्हणाल्या, मला काज शिकवाल का? मास्तर म्हणाले, शिकवीन, लागेल तितक्यांदा.

मग ते फाटकाकडे गेले. रखवालदार नेहमीसारखा उठून उभा राहिला. मास्तरांनी त्याला खाली बसवलं आणि आपणही त्याच्या बाकावर बसले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तो अंग चोरून बसला.

“तिसऱ्या वेळेला तुझं काय चुकलं होतं रे?” मास्तरांनी विचारलं.

त्याला आठवावं लागलं नाही. बावीस वर्षं ते जिभेवरच असावं.

“आठवी सूचना, मास्तर. कफला बटणं एक की दोन, तेवढंच नीट ऐकू आलं नव्हतं.”

मास्तर त्याच्याकडे वळले.

“दोन होती,” ते म्हणाले. “कफला दोन बटणं. सोमवारी आत ये, तुझं मशीन लावून ठेवतो.”