वारस लावल्याची तारीख

ऑफिसात तिला सगळे वकीलीणबाई म्हणत. अकरा वर्षं कोर्टात काढल्यावर आठ वर्षांपूर्वी तिने वकिली सोडली आणि ती या सॉफ्टवेअर कंपनीत आली. इथल्या मंडळींना कायद्यातलं ओ की ठो कळत नसे आणि तिला कोडमधलं. दोघांच्या मधे जो कागद लागायचा, तो तयार करणं हे तिचं काम.

सध्याचा कागद एका नव्या सोयीचा होता. वकिलाने आपल्या दाव्याची माहिती भरायची आणि सॉफ्टवेअरने हजारो जुन्या दाव्यांवरून सांगायचं, की हे प्रकरण साधारण किती दिवस चालेल. त्यासाठी जुन्या दाव्यांची कोणकोणती माहिती साठवायची, म्हणजे कोणते रकाने ठेवायचे, ते ठरवायचं होतं. दाखल केल्याची तारीख, दाव्याचा प्रकार, तारखा किती पडल्या, तारीख वाढवून कोणी मागितली, निकाल कधी लागला आणि कसा. एकूण छत्तीस रकाने. एरवी असं काम ती दोन दिवसांत हातावेगळं करायची. या वेळी तिसरा आठवडा चालू होता.

तिचा दादा जाऊन एक्क्याऐंशी दिवस झाले होते.

हे ऑफिसात कोणाच्याच कानावर नव्हतं. तेव्हा तिने चार दिवस रजा घेतली होती, कारणाच्या जागी ‘घरचं काम’ एवढंच लिहिलं होतं आणि पाचव्या दिवशी ती वेळेवर हजर झाली होती. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त काही करता करता ती मधेच थांबायची. फ्रिजचं दार उघडून उभी राहायची आणि आतून टीं टीं सुरू झालं की काही न घेताच दार लावायची. दाढेपाशी सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

दिवसांचा हिशेब मात्र एकदाही चुकला नव्हता. त्याला कारण होतं.

दादा बाटल्यांच्या कारखान्यात टाइमकीपर होता. फाटकाशेजारच्या खोलीत बसून कामगारांची हजेरी लिहायची, हे त्याचं काम. चौदा वर्षांपूर्वी त्याच्यावर ठपका आला, की हा न आलेल्या माणसांची हजेरी लावतो. त्याला काढून टाकलं. त्याने दावा लावला, आणि पहिली सहा वर्षं त्या दाव्यात तीच त्याची वकील होती. कोर्टाला कंटाळून तिने वकिली सोडली, तेव्हा फाइल ओळखीच्या एका वकिलाकडे सोपवली. दादा तेव्हा हसत म्हणाला होता, “तू सुटलीस. मला मात्र जावंच लागेल.” आणि तो गेलाही. पुढची आठ वर्षं प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून तो कोर्टाच्या बाकावर जाऊन बसायचा. परत आल्यावर तिला फोन करून पुढची तारीख तेवढी सांगायचा. तिला कधी शब्दाने बोलला नाही.

दावा चालू असताना पक्षकार गेला, तर वारसांनी नव्वद दिवसांत अर्ज करून आपलं नाव त्याच्या जागी लावून घ्यायचं असतं. वकील त्याला वारस लावणं म्हणतात. नाही लावले तर दावा आपोआप बंद पडतो. दादाला मूलबाळ नव्हतं, वारस एकटी वहिनी. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. माणूस गेला तिथे दावाही गेला, अशीच तिची समजूत होती. नव्या वकिलाच्या हातात शेकड्याने प्रकरणं, पुढची तारीख लांबची, त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कळवायला हवं होतं ते हिने. आज सांगू, उद्या सांगू, करता करता एक्क्याऐंशी दिवस झाले. विसरली असती तर निदान तसं म्हणता आलं असतं.

त्या दिवशी अकरा वाजता मीटिंग होती. प्रॉडक्टचा प्रमुख वयाने तिच्यापेक्षा लहान होता. काहीही मागितलं की ‘रोडमॅपमध्ये आहे’ म्हणायचा, म्हणून त्याचं नावच रोडमॅप पडलं होतं. दुसरा होता डेटाबेसवाला, जाडसर, मितभाषी, कागदापेक्षा तळहातावर जास्त लिहिणारा. नमुन्याचे दोनशे दावे त्याने भरून पाहिले होते आणि त्यांतले सतरा त्याला कुठेच बसवता येत नव्हते.

“निकालाच्या रकान्यात चार पर्याय आहेत,” तो म्हणाला. “मंजूर, नामंजूर, तडजोड, मागे घेतला. या सतरांमध्ये यांपैकी काहीच झालेलं नाही. नुसतेच बंद झालेत.”

“ते ‘इतर’मध्ये टाक,” रोडमॅप म्हणाला.

“टाकलं असतं. पण हे लवकर बंद झालेत, त्यामुळे सगळी सरासरी खाली येतेय.”

तिने त्याच्याकडचे कागद ओढून घेतले आणि दोन-तीन चाळले. “पक्षकार वारलाय,” ती म्हणाली. “वारस लावले नाहीत म्हणून दावा बंद झाला. हे असेच ठेवलेत, तर ज्याचा पक्षकार मेला त्याचं काम लवकर झालं, असं आपलं सॉफ्टवेअर लोकांना सांगेल.”

रोडमॅपला हसू आलं, मग त्याने ते आवरलं.

“म्हणजे मृत्यूची तारीख हा एक रकाना,” डेटाबेसवाला तळहातावर लिहीत म्हणाला. “मृत्यूनंतर दावा बंद व्हायला किती दिवस?”

“नव्वद.”

“मग दुसरी तारीख नको. नव्वद मिळवले की झालं.”

“तसं नाही. मधे वारसांनी अर्ज केला, तर दावा पुढे चालतो.”

“मग वारस लावल्याची तारीख, दुसरा रकाना. तो रिकामा का राहतो?”

“वारसांना माहीत नसतं म्हणून.”

“त्यांना कोणी सांगायचं असतं?”

“वकिलाने. किंवा घरातलं कोणी जाणकार असेल, तर त्याने.”

“आणि जाणकार असून सांगितलं नाही, असं होतं?” त्याने अगदी सरळ विचारलं. त्याला फक्त रकाने मोजायचे होते.

“होतं,” ती म्हणाली.

“मग त्याचं कारण हा तिसरा रकाना. काय काय पर्याय ठेवू?”

पर्याय तिला एकही सुचेना. समोरच्या काचेवर कोणीतरी पुसलेल्या चौकोनांच्या निळ्या रेघा राहिल्या होत्या, त्यांच्याकडे ती पाहत राहिली. मग म्हणाली, “हे मी पुढच्या मीटिंगला सांगते,” आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी ती घरी न जाता वहिनीकडे गेली. वहिनी कपडे लहानमोठे करून द्यायची. खिडकीशी मशीन होतं, त्यावर कोणाचीतरी राखाडी पँट. दार उघडंच होतं.

“वन्सं, या. चहा टाकते.”

“नको वहिनी. आधी बसा. एक सांगायचंय.”

तिने सगळं सांगितलं. जशी मीटिंगमध्ये सांगत होती तसंच, सपाट आवाजात, क्रमाने. दावा गेलेला नाही. अर्ज करता येतो. नऊ दिवस राहिलेत.

वहिनी मशीनपाशी बसून ऐकत होती. “नऊ,” ती म्हणाली. “म्हणजे एक्क्याऐंशी होऊन गेले.”

“हो.”

“तुम्हाला आज कळलं?”

“नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

वहिनीने मान वळवली, पँट सुईखाली सरकवली आणि मशीन सुरू केलं. एक पाय शिवून झाला. दोरा कापला, दुसरा पाय घेतला. तोही शिवून झाला. वकीलीणबाई खुर्चीत बसून होती. आता ही ओरडेल, निदान दोन शब्द सुनावेल, अशी ती वाट पाहत होती. सुनावलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“राग आलाय मला,” अखेर वहिनी पँटची घडी घालत म्हणाली. “पण आता त्याला वेळ नाही. कुठे सही करायची?”

“विचार करून सांगा. अजून किती वर्षं चालेल, याचा नेम नाही. आणि निकाल लागला तरी नोकरी काही परत...”

“नोकरी कोणाला करायचीय आता?” वहिनी म्हणाली. “चौदा वर्षं खालच्या मजल्यावरची बाई माझ्याशी बोलताना आवाज खाली करते. यांनी खोटी हजेरी लावली नव्हती, एवढं कोणीतरी कागदावर लिहून द्यावं. ते मला वाचायचंय. वाचून झाल्यावर तो कागद तिला नेऊन दाखवणार आहे.”

चौऱ्याऐंशीव्या दिवशी दोघी कोर्टात गेल्या. तिने वकिलीची सनद केव्हाच जमा केली होती, त्यामुळे अर्जावर सही नव्या वकिलाची होती. त्याने तीन वेळा सॉरी म्हटलं आणि तो दुसऱ्या कोर्टात पळाला. खिडकीमागच्या कारकुनाने मृत्यूचा दाखला पाहिला, उलटून पाहिला, शिक्का शोधला.

“मयताशी नातं?”

“पत्नी,” वहिनी म्हणाली.

“आणि या?”

“बहीण,” वकीलीणबाई म्हणाली.

“बहिणीचं नाव लागत नाही. पत्नी असताना नाही.” कारकून अदबीनेच बोलला. “तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा, मागे रांग आहे.”

हा नियम तिला पाठ होता. तिने स्वतः कितीतरी बहिणींना असंच बाजूला उभं केलं होतं. ती दोन पावलं सरकून भिंतीला टेकली. भिंत गार होती, आणि तो गारवा ब्लाउजमधून पाठीला लागतोय, हे तिला नीट कळलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा.

अर्ज दाखल झाला. पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, “तारखेला मी एकटी येणार नाही. तुम्ही रजा काढायची. प्रत्येक वेळी.”

“काढीन.”

“ते काही बोलले नाहीत म्हणून मी बोलणार नाही असं समजू नका.”

“नाही समजत.”

शुक्रवारी पुन्हा मीटिंग झाली. रोडमॅपने मृत्यूची तारीख आणि वारस लावल्याची तारीख हे दोन्ही रकाने मान्य केले. तिसऱ्याला, अर्ज न करण्याच्या कारणाला, त्याने खो घातला. “हे भरणार कोण? प्रत्येकाला विचारत बसायचं का आपण?”

“नको, काढून टाक,” ती म्हणाली. “त्याला पर्याय नसतात. मी शोधून पाहिले.”

“कुठे शोधले?” डेटाबेसवाल्याने विचारलं.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. “माझा भाऊ गेला. तीन महिने होत आलेत. त्याचा दावा चालू होता आणि मी घरात सांगितलं नाही. चार दिवसांपूर्वी सांगितलं.”

डेटाबेसवाल्याने पेनाचं टोपण लावलं. “मागे तुम्ही चार दिवस रजेवर होतात, ते यासाठी?”

“हो.”

“आम्हाला वाटलं, घर रंगवताय.”

“वाटू दे. मीच तसं लिहिलं होतं.”

“आपण सोमवारी बसू या,” रोडमॅप उठत म्हणाला. “तुम्ही घरी जा.”

“घरी जाऊन काय करू? अजून अकरा रकाने राहिलेत.”

तो पुन्हा बसला. डेटाबेसवाल्याने यादी जवळ घेतली आणि पुढचा रकाना वाचला, पक्षकार स्वतः किती तारखांना हजर होता. हा कशाला ठेवायचा, असं त्याने विचारलं. ती सांगायला लागली, की ज्यांचे पक्षकार स्वतः येतात त्यांचे दावे... आणि वाक्याच्या मध्यावर तिचा आवाजच उमटेना. तिने घसा साफ केला, पुन्हा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी येऊन हनुवटीवरून कागदावर पडत होतं. दोघेही मान खाली घालून, घाई न करता बसून राहिले. बऱ्याच वेळाने आवाज आला, तेव्हा तिने ते वाक्य पहिल्यापासून सांगितलं.