मेघबुवांची कडाडणारी देवी

१९७४ सालच्या वैशाखातली गोष्ट. आभाळ कोरडं ठणठणीत होतं आणि पंचगंगेकाठच्या वीटभट्टीवर शंभरएक माणसं मेघबुवांपुढं हात जोडून बसली होती; त्यांत मीही होते. बुवांनी भगव्या कापडात गुंडाळलेल्या पेटीला कान लावला. आतून खरखर, कडकड. बुवा डोलू लागले.

"देवी म्हणती, तासाभरात वळीव. इजा, गारा, समदं."

त्या आठवड्यात तीनदा बुवांचं खरं ठरलं होतं. त्यामुळं त्यांचा काळा गंडाही लोक डोळे मिटून मनगटावर बांधत. गंडा असला की वीज अंगावर येत नाही म्हणे.

भट्टीवाल्या पिराजीनं दोन बांधले होते. त्याच्या कच्च्या विटा उघड्यावर होत्या.

"वळीव येऊ दे, न्हाईतर त्याचा बा. मी ताडपत्री धरून हितंच हुभा ऱ्हाणार."

त्याची बायको झुंबरबाई माझ्याकडं वळली. "काकू, तुमी तरी सांगा की ह्यास्नी. गेल्या साली हितंच म्हस गेली इजेनं."

मी सोमवार करते, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. देवाच्या नावाशी वाद घालणं माझ्या स्वभावात नाही. पण ती खरखर ओळखीची वाटली. वळवाच्या दिवसांत आमचा रेडिओ ऐन कीर्तनात अशीच खरखर करतो, आणि थोड्या वेळानं पाऊस.

"बुवा, देवीला हळदकुंकू वाहू का?"

"लांबनं, बाई. देवी जागृत हाय. हात भाजंल."

"मी अंघोळ करून आलेय हो," म्हणत मी कापडाखाली हात घातला. बोटांना गोल खुंटी लागली. फिरवली.

देवी स्वच्छ पुरुषी आवाजात म्हणाली, "गूळ एक नंबर, आवक कमी, भाव तेजीत."

"आगं बया," मागनं म्हातारी अक्काताई बोलली, "देवी अडतीत बसती व्हय?"

हशा पिकला. बुवा म्हणाले, "माया हाय ही."

पिराजी ओशाळला. "म्हंजे पाऊस न्हाईच?"

"येईल की," मी म्हटलं. " लांब वीज चमकली तरी रेडिओ खरखरतो. खरखर वाढत गेली की वादळ जवळ येतंय. तेवढं तुमच्याही रेडिओला कळतं. गंड्याला काय कळतं? बुवांना विचारा, थांबतात का तुमच्याबरोबर."

विचारायची पाळीच आली नाही. आभाळ भरून आलं, विजेचा पहिला कडकडाट झाला, आणि पेटी काखेत मारून जवळच्या शाळेच्या पक्क्या इमारतीत सगळ्यांत आधी शिरले ते बुवा. हातात गंड्यांची अख्खी जुडी होती.

पिराजी अजून विटांकडं बघत घुटमळत होता. झुंबरबाईनं त्याला बंडीला धरून आत ओढलं. थोड्या वेळानं वीज पडली ती भट्टीजवळच्या बाभळीवर. त्याच बाभळीला तो ताडपत्रीची दोरी बांधणार होता.

विटांचा चिखल झाला.

"थापू की परत," झुंबरबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

देवानं कान दिलेत तसं डोकंही दिलंय, ते वापरल्यानं कुठलं व्रत मोडत नाही. रेडिओ खरखरू लागला की रान सोडा, झाड सोडा, पक्क्या घरात जा, आणि देवाचं नाव तिथं बसून घ्या.