डबा 'स' खातो

मी बोलतोय, काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, पत्र्याचा डॅक. संगणकात गाणी आकड्यांच्या रूपात असतात. ते आकडे घ्यायचे आणि त्यांचा आवाज करून स्पीकरकडे पाठवायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात माझ्यासारखे शेकड्यांनी बनतात, त्यामुळे जन्माचं फार कौतुक सांगण्यासारखं नाही. खरी हकिगत सुरू झाली ती दुकानात, माझ्या मालकांनी मला पहिल्यांदा उचललं तेव्हा.

मालक वजनमापांचे निवृत्त तपासनीस. उभा जन्म काटे आणि मापं तपासण्यात गेलेला. त्यांनी मला हातात तोललं, उलटं केलं, कानाशी धरून हलवून पाहिलं.

"हा एवढा स्वस्त का?"

"घरी ऐकायला पुरेसा आहे म्हणून," दुकानदार म्हणाला. "तो वरचा महागडा घेतलात तरी तुमच्या स्पीकरवर फरक कळणार नाही."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. बाहेर आल्यावर ते बायकोला म्हणाले, "स्वतःचाच महाग माल नको म्हणतो. कुठेतरी पाणी मुरतंय." पण घेतलं मलाच.

घेतलं होतं एका गाण्यासाठी. बायकोने लग्नाआधी एका स्पर्धेत म्हटलेलं गाणं जुन्या टेपवर होतं. सुनेने ते संगणकात उतरवून दिलं. बाई आता गात नाहीत, म्हणून मालकांना ते नीट ऐकायचं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी गाणं मध्येच थांबवलं. "'सांज'चं 'आंज' झालंय. हा डबा 'स' खातो."

मी काहीच खाल्लं नव्हतं. आलं तसं पुढे दिलं होतं. पण माझी बाजू मांडायला मला तोंड कुठे?

मग चौकशी सुरू झाली. आधी तार बदलली. मग सुनेला फोन गेला, तू उतरवताना काही गाळलंस का म्हणून. ती बिचारी हिरमुसली. स्पीकर भिंतीपासून ओढून पुढे आणले, परत मागे ढकलले. बाई दारात उभ्या राहून हळूच काहीतरी म्हणाल्या. मालकांनी मानही वर केली नाही. त्या तशाच आत गेल्या. हे मी त्या दिवसांत बऱ्याचदा पाहिलं होतं. मालकांनी नव्हतं.

शेवटी मला खोक्यात भरून दोघं दुकानात आले.

दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने मला आणि त्या महागड्या भावाला एका कापडाखाली ठेवलं, आणि तेच गाणं आलटून पालटून लावलं. कोण वाजतंय ते मालकांना दिसत नव्हतं.

"हा 'स' खातो," मालक म्हणाले. दुसरा लागला. "हाही खातो. दोन्ही डबे खोटे आहेत तुमचे."

"अहो," बाई म्हणाल्या, "मला दोन्हींत 'स' स्पष्ट ऐकू येतोय."

मालकांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे. "तुमचं दोघांचं आधी बोलणं झालंय का?"

दुकानदार खाली पाहून तार गुंडाळू लागला. बाईंनी मला उचलून पिशवीत टाकलं आणि चालू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "वर्षभर मी हळू बोलले की तुम्ही उत्तर देत नाही. मला वाटलं, माझा कंटाळा आलाय तुम्हाला. म्हणून बोलणंच कमी केलं मी."

"तू तोंडातल्या तोंडात बोलतेस असं वाटायचं मला," मालक म्हणाले. "वाटलं, माझ्यापासून काहीतरी लपवतेयस."

मग मालक उठले आणि कानाच्या डॉक्टरांचा नंबर शोधू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात. 'स' त्यातलाच. मालकांनी त्यांच्या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली तेही विचारून घेतलं. आता मालकांच्या दोन्ही कानांमागे ऐकण्याचं एकेक छोटं यंत्र असतं.

ते लावून ते माझ्यासमोर बसले. गाणं लागलं. 'सांज' आलं, अख्खं. मालकांनी गाणं थांबवलं नाही. संपल्यावर पुन्हा लावलं, आणि या वेळी आतून बाईंनीही एक ओळ धरली. सूर थोडा घसरला, पण धरली.

मी अजून त्याच फळीवर आहे. माझ्यावर पूर्ण विश्वास बसलाय असं म्हणवत नाही. अधूनमधून ते हात लावून मी तापलोय का ते बघतात. तुम्हीही माझ्यासारखा एखादा घ्याल तेव्हा खुशाल संशय घ्या, फक्त घरातलं माणूसही शेजारी बसवून ऐका. एवढीच विनंती.

परवा बाई स्वयंपाकघरात, अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्या, "संशयी म्हातारा."

"ऐकलं मी," मालक बाहेरून म्हणाले.